देव नाही, मोठी काकू आहे

सोनगीरच्या पेठेत आमच्या पंडितनानांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. हंडे, पराती, समया आणि देवळात टांगायच्या घंटा. हा घंटा विकणारा गृहस्थ देव मानत नाही. एखाद्या गावचे पंच घंटा घ्यायला येतात, टोला मारून पाहतात आणि विचारतात, "नाना, आवाज जाईल ना देवापर्यंत?" नाना म्हणतात, "पुजारी जागा होईल एवढं मी सांगतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

आता देव न मानणारा माणूस म्हटला की तो जुन्या चालीरीतींवर कुऱ्हाड घेऊन धावतो, अशी आपली समजूत. नाना कुऱ्हाडवाल्यांतले नाहीत. ते कुऱ्हाड लपवून ठेवणाऱ्यांतले. घरात एकादशीला साबुदाणा भिजला नाही, तर देवभोळ्या माणसाला वाईट वाटेल. नाना ताटावरून उठतात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंब्याचा रस नाही, पोळ्याला बैलाच्या शिंगाला रंग नाही, नव्या सुनेच्या डोक्यावर पदर नाही, असं काही दिसलं की त्यांचं नाक फुगतं आणि आठवडाभर उतरत नाही. आणि हे सगळं कोणासाठी? तर कोणासाठीच नाही. वर कोणी बसलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. रिकाम्या खुर्चीपुढे रांग लावायची, आणि रांग मोडणाऱ्याच्या पाठीत रट्टा घालायचा, असा हा माणूस.

या थोर तत्त्वज्ञानाचा उगम त्यांच्या लहानपणात आहे. कानबाईच्या सणाला नैवेद्य दाखवायच्या आधी पुरणपोळीला हात लावला तर देवी डोळे फोडते, असं त्यांना सांगितलेलं. नानांनी अख्खी पोळी खाल्ली. डोळे जागेवर राहिले. पण ताईबाईनं, म्हणजे आमच्या मोठ्या काकूनं, चुलीजवळची फुंकणी घेऊन त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं. एखादा हुशार मुलगा यातून काही शिकला असता. नाना एवढंच शिकले की देव नाही, पण मोठी काकू आहे. पुढच्या साठ वर्षांत त्यांनी यात एका अक्षराची भर घातली नाही.

एवढ्या भांडवलावर ते राजकारणातही शिरले. परंपरा वाचवायला निघालेला एक पक्ष आहे, त्याचे ते तालुका उपाध्यक्ष. अध्यक्ष भूपेंद्र, आमच्याच भाऊबंदकीतला. दहा बोटांत बारा अंगठ्या, आणि रोज पहाटे फोनवर सर्वांना देवाचा फोटो पाठवतो. तो फोटो पुढे न पाठवल्यास काय अनर्थ होईल तेही खाली लिहिलेलं असतं. त्या वर्षी जिल्हा परिषदेचं तिकीट नानांना हवं होतं आणि भूपेंद्रला ते आपल्या मेव्हण्याला द्यायचं होतं. त्यामुळे भूपेंद्रला अचानक धर्माची काळजी वाटू लागली.

"नाना, जो देव मानत नाही तो आपल्या पक्षाचा कसा?" दुकानाच्या ओट्यावर चहा पिता पिता त्यानं विचारलं.

"परंपरा मानतो ना मी! तुझ्यापेक्षा जास्त मानतो. तू तर सोवळ्याचा पितांबर नेसून मोबाईलवर बोलतोस."

"पण परंपरा देवानंच दिली ना?"

"बापजाद्यांनी दिली. देव तेव्हा कुठं होता?"

समोरच्या कापड दुकानातले भंवरलालशेठ तिथे बसले होते. ते नेमाचे जैन. सूर्य बुडाला की त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. नानांनी त्यांनाच पंच केलं. "शेठ, तुम्हीच सांगा. जग बनवणारा देव तुमच्यात आहे का?"

"नाही."

"आणि कांदा?"

"बंद."

"घे!" नानांनी मांडीवर थाप मारली. "देव नाही, तरी कांदा बंद! हेच मी म्हणतो!"

शेठनी बशीतला चहा शांतपणे संपवला. "पण नाना, आम्हाला मोक्षाला जायचंय, म्हणून कांदा बंद. तुम्हाला कुठं जायचंय?"

नानांनी समई पुसायला घेतली.

त्यांना कुठं जायचं नव्हतं, आणि दुसऱ्यालाही कुठं जाऊ द्यायचं नव्हतं. मेघाच्या बाबतीत हे उघडं पडलं.

मेघा ही त्यांची मुलगी, आमच्या अहिराणीत आंडेर. जळगावला दिलेली. नवऱ्यानं दुसरीकडे संसार मांडला, कोर्टानं कागद दिला आणि ती सोनगीरला परत आली. नानांनी तिला घरात घेतलं, इथवर त्यांच्यातला बाप शिल्लक होता. पण श्रावणात आमच्या कुळाची कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, कुंकू लावून देवी मांडतात आणि तिच्यासाठी रोट करतात. रोटाचे गहू मोजायची पद्धत अशी की कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ टाकायची. त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाच्या पुरणपोळ्या. खायच्या फक्त कुळातल्यांनी, आणि पौर्णिमेच्या आत संपवायच्या. बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. कुमारी लेक आपली, म्हणून ती खाते. लग्न करून दिलेली लेक दुसऱ्या कुळाची, ती खात नाही. आणि दिलेली परत आली तर? त्याचा विचार बापजाद्यांनी केलेला नव्हता. नानांनी ठरवलं की ज्याचा विचार बापजाद्यांनी केला नाही, त्याला खायला मिळणार नाही.

आदल्या वर्षी अख्खं घर पुरण खात असताना मेघा मागच्या खोलीत चहात टोस्ट बुडवून खात बसली होती. आणि त्याच रोटात ललितची मूठ होती! ललित म्हणजे आमचा सुरतेचा चुलतभाऊ. तो सणाला येत नाही, फोन करत नाही आणि आला तर नाल्यातून उचलून आणावा लागतो. पण पुरुष आहे. पडली मूठ.

या वर्षी वच्छलाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, वेगळं मनात धरलं होतं. बाई अशा श्रद्धाळू, की तुळशीला पाणी घालतानाही तिला आदल्या दिवसाची हकीगत सांगतात. कानबाईच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात घोंगडी अंथरली. मधे गव्हाची रास, समोर नानांच्याच दुकानातली मोठी परात. भाऊबंद गोल बसले. मीही धुळ्याहून गेलो होतो, कारण माझीही मूठ पडते. भूपेंद्र पांढऱ्या कपड्यांत, अंगठ्या चमकवत. आणि खाटेवर ताईबाई. आता नव्वदीला टेकलेली, कान पक्के, डोळे अधू, आवाज फुंकणीच्या काळातलाच. ती एकेक नाव घ्यायची आणि वच्छलाबाई मूठ टाकायच्या. पंडित. भूषण. भूपेंद्र. ललित. शेवटचं नाव झालं, ताईबाई थांबली, आणि वच्छलाबाईंनी आणखी एक मूठ भरली.

"ही मूठ कोनी?" नानांचा आवाज.

"मेघानी."

मेघा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊबंदांनी एकदम आपापल्या चपलांकडे पाहायला सुरुवात केली.

"रीत नाही ती," नाना म्हणाले. "बापजाद्यांपासून नाही."

"मी कानबाईले इचारं," वच्छलाबाई मूठ तशीच धरून म्हणाल्या. "समई लाई, हात जोडात नि इचारं, मायबाई, मन्ही आंडेर यंदा रोट खाई का?"

"मग?"

"पहिले नई म्हनी. मंग मी तिनासंगे भांडण करं. तुले नथ कोन घालस, तुना पुढे रात रात कोन जागस, बठ्ठं काढं. मंग हा म्हनी."

एखाद्या श्रद्धाळू नवऱ्यानं इथं हात जोडले असते, किंवा आपणही देवीला जाऊन विचारलं असतं. देव मानणाऱ्याला देवाशी भांडता येतं, रुसता येतं, नवस बोलून वाटाघाट करता येते. नानांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे नुसता नियम होता, आणि नियमाला कान नसतात. त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं आणि सगळ्या भाऊबंदांसमोर, साक्षात तालुकाध्यक्षासमोर, म्हणाले:

"देवी बोलली याला पुरावा काय?"

भूपेंद्रच्या चेहऱ्यावर तिकीट मेव्हण्याच्या खिशात पडल्याचं हसू पसरलं.

"वा, नाना! आमच्या पक्षात राहून कानबाईचा पुरावा मागता?"

नानांनी इकडे तिकडे पाहिलं. देवी बोलत नाही म्हणावं, तर तिकीट गेलं. बोलते म्हणावं, तर मेघाची मूठ पडली. साठ वर्षं दोन दगडांवर पाय ठेवून पलीकडच्यांना चालण्यावर व्याख्यानं देणारा हा माणूस, पहिल्यांदाच खाली पाहत होता.

मेघा दारातून म्हणाली, "नाना, मला रोट नसला तरी चालेल. पण टोस्ट देऊ नका. मी उपाशी राहीन."

तिचा आवाज चढलेला नव्हता. भात शिजलाय का, असं विचारावं तशी बोलली.

तेवढ्यात खाटेवरून काठी आपटली. "पंड्या! तू कानबाईले मानस का नई? एक सांग."

सत्तरीच्या घरातले पंडितनाना शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. त्यांनी भूपेंद्रकडे पाहिलं, मेघाकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच खरं बोलले.

"मी तुमले मानस, मोठी काकू."

"मंग मी सांगस ते आयक. टाक वं वच्छला. मेघानी मूठ टाक."

गहू परातीत पडले. दुसऱ्या दिवशी मेघा पंगतीत बसली आणि तिनं तीन पोळ्या खाल्ल्या. नाना तिच्या समोर बसून शेवटपर्यंत आमटीच्या वाटीत पाहत राहिले. तिकीट अर्थातच मेव्हण्याला मिळालं. तो दणकून पडला, आणि त्यानंतर भूपेंद्रनं आणखी एक अंगठी घातली.

इथं नाना शहाणे झाले असं मी लिहिलं, तर त्यांना ओळखणारा प्रत्येक माणूस हसेल. शहाणपण त्यांच्या अंगणातून जातं, ओट्यावर चहाही घेतं, पण आत येत नाही. झालं ते वेगळंच. पुढच्या श्रावणात ताईबाई नव्हती. ती फाल्गुनात गेली, आणि नावं घ्यायची तिची जागा नानांकडे आली. घोंगडी अंथरली आणि भूपेंद्र म्हणाला, "नाना, मागच्या वेळी ते लेकीच्या मुठीचं झालं, ते काकूच्या मानासाठी. आता काही गरज नाही. शिवाय मेघाला यावलला नोकरी लागलीय, ती आलेलीही नाही."

नानांचं नाक फुगलं. "आपल्या कुळात लेकीची मूठ पडते."

"कधीपासून?"

"आधीपासून! रीत मोडायची असेल तर दुसरीकडे जाऊन मोड." आणि त्यांनी मेघाचं नाव एवढ्या जोरात घेतलं की गल्लीतली कुत्री उठून बसली.

त्यातही मेघा येणार नाही आणि रोट तर पौर्णिमेच्या आत संपायला हवा, हा पेच होताच. नानांनी तो स्वतःच सोडवला. दुकानातला झाकणाचा पितळी डबा घेतला, त्यात पोळ्या भरल्या आणि एसटी पकडली. मला जळगावला काम होतं, म्हणून मी सोबत. धुळ्याहून जळगावपर्यंत त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. पारोळ्याला चहाला उतरले नाहीत. फडक्यात बांधलेल्या डब्यातून तुपाचा आणि वेलदोड्याचा वास सुटलेला, आणि त्यामागे नाना, तोंड असं की जणू कोणी त्यांना फसवून या कामाला जुंपलंय.

शेजारच्या बाकावर यावलकडे निघालेली एक म्हातारी होती, बेबाबाई. तिला तो वास राहवेना.

"भाऊ, कानबाईना परसाद शे का?"

"रोट शे."

"मंग घासभर द्या ना माले."

"बाहेरन्याले चालस नई."

"देवी कोपस का?"

"देवीबिवी काही नई शे," नाना म्हणाले.

बाईनं पदर सावरला आणि सरळ हात पुढे केला. "मंग द्या ना, भाऊ."

नानांनी डबा छातीशी घट्ट धरला. "नई," ते म्हणाले. "मन्ही आंडेरना शे."