लाल रेघ आणि मागे बसलेली बाई

कवळीवाल्याच्या स्कूटरवर रात्री मागे एक बाई असते, ही बातमी आमच्या गल्लीत आणली दूधवाल्याने. पहाटे साडेतीनची वेळ, सिमेंटच्या गोदामाकडून येणारा रस्ता, बाईच्या डोक्याला हेल्मेट आणि हात कवळीवाल्याच्या कमरेला. दूधवाला दुधाचं काय करतो ते सोडा, पण बातमीत पाणी घालत नाही असा त्याचा लौकिक आहे. ते काम आम्ही बाकीच्यांनी केलं. संध्याकाळपर्यंत त्या बाईला रुळांपलीकडे दोन खोल्या मिळाल्या, दुसऱ्या दिवशी खिडक्यांना पडदे लागले आणि शनिवारी ती एका गार्डाची नवऱ्याने टाकलेली बहीण निघाली. यातले पडदे माझे. बाकीचं कोणाचं ते ज्याचं त्याला ठाऊक.

पण आधी माणूस सांगतो. कवळीवाला म्हणजे कवळ्या बनवणारा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि हा घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टरचा साचा ओततो, मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवतो, घासतो, चमकवतो. वय एक्कावन्न. बोलणं कमी, आणि जे बोलणार तेही समोरच्याच्या दातांकडे बघून. माझी वरची कवळी त्यानेच केली आहे, त्यामुळे पुढे मी काही खोटं बोललो तर ते त्याच्याच दातांमधून बाहेर पडलं असं समजा.

त्याची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसाला चारशे शर्ट तिच्या हाताखालून जातात. कुठे टाका सुटलाय, कुठलं काज तिरकं गेलंय, कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन दोरे लांब आहे, हे तिला शर्ट पुरता उलगडायच्या आधी कळतं. अशा बाईच्या नवऱ्याने आठवड्यातून दोनदा रात्री साडेअकराला घराबाहेर पडावं, पहाटे परत यावं आणि विचारलं तर ‘झोप येत नव्हती, जरा फेरी मारून आलो’ असं सांगावं, याला धाडस म्हणावं की बावळटपणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सुरुवात एका फाटकापाशी झाली होती. शेजारच्या गावातल्या दवाखान्यात घाईची कवळी पोचवून तो रात्री परत येत होता, तर फाटक बंद. समोरून मालगाडी निघाली. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने डबे मोजले. अठ्ठावन्न. फाटक उघडलं, लोक आपापल्या घरी गेले. हा मात्र रुळांच्या कडेच्या रस्त्याने सुसाट निघाला, पुढच्या फाटकावर गाडीच्या आधी पोचला आणि तीच गाडी परत मोजली. सत्तावन्न. एक डबा मध्येच कुठे गेला या विचाराने त्याला त्या रात्री झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर कधीच नीट लागली नाही. महिनाभरात त्याने धंदा बंद केलेल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड आणला आणि दोन्ही प्लास्टरच्या पोत्यांमागे लपवून ठेवलं.

लपवलं कशाला, असं कोणीही विचारेल. वहिनींनी नंतर विचारलंच. पण सांगणार काय? ‘मी रात्री मालगाड्यांच्या मागे जातो’ इथवर वाक्य ठीक आहे. त्यानंतर समोरचा म्हणणार, का? आणि तिथे कवळीवाल्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं.

वहिनींना पोत्यांमागचा स्टँड सापडला नाही. त्यांना सापडली स्कूटरच्या चाकातली तांबडी माती, पॅंटच्या घोट्याशी चिकटलेली कुसळं आणि बाहीवरचा ग्रीसचा डाग. तीन पुरावे, तिन्ही शर्ट तपासावा तसे उजेडाला धरून पाहिले. मग त्यांनी बॅग भरली. धाकट्या बहिणीच्या गावातही कपड्यांचा कारखाना आहे, तिथे तपासनिसाची जागा रिकामी होती. रविवारी सकाळचं तिकीट काढलं, आणि आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, भावाला बोलावून घेतलं. हे सगळं मला कसं कळलं म्हणाल तर थोडं त्या भावाकडून आणि बरंचसं भिंतीतून. आमची भिंत सामाईक आहे आणि ती बांधणाऱ्याने सिमेंट वाचवलं होतं.

हा मेव्हणा वीजखात्यात चोऱ्या पकडायच्या पथकात आहे. माणसाकडे बघतानासुद्धा मागून वायर टाकली आहे का ते बघतो. संध्याकाळी त्याने दाजींना समोर बसवलं आणि कुठे जाता ते विचारलं. कवळीवाल्याने सांगून टाकलं, मालगाड्यांचे फोटो काढायला.

मेव्हण्याने शांतपणे विचारलं, “किती वाजताची असते गाडी?”

“मालगाडीला वेळापत्रक नसतं. येते तेव्हा येते.”

“म्हणजे कधी जायचं आणि कधी परतायचं, काही नक्की नाही.”

“नाही.”

मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, फोटो दाखवा. ही मागणी ऐकून कवळीवाल्याच्या जिवात जीव आला. तीनशे चाळीस फोटो होते, पुराव्याला तोटा नव्हता. दवाखान्यांच्या मापांच्या याद्या ठेवायचा संगणक त्याने उघडला आणि पहिला फोटो समोर आणला. काळोख, एक खांब, रूळ आणि रुळांवरून गेलेली एक लाल रेघ. दुसऱ्यात वेगळा खांब, तशीच रेघ. विसाव्या फोटोला वहिनींनी विचारलं, “यात गाडी कुठंय?”

“ही काय.”

“ही रेघ आहे.”

“तीच गाडी. शेवटच्या डब्याचा लाल दिवा आहे तो.”

मग त्याने समजावलं. रात्री उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा अर्धा मिनिट उघडा ठेवायचा. जे जागेवर थांबतं ते उमटतं. जे हलतं ते उमटत नाही, फक्त त्याचा दिवा रेघ ओढून जातो. डबे काळे, रात्र काळी, त्यामुळे गाडी दिसत नाही, पण असते. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण मेव्हणा एकेका वाक्यावर मान डोलावत होता आणि ती मान बरी नव्हती.

“म्हणजे दाजी, तुम्ही गाडीचे असे फोटो काढता ज्यात गाडी येत नाही.”

“हो.”

“तीनशे चाळीस.”

“हो.”

या घटकेला स्वतः कवळीवाल्यालाच शंका आली, की आपण खोटं तर बोलत नाही ना. पोत्यांमागून स्टँड आणून दाखवला, तर मेव्हणा म्हणाला, वस्तू लपवलेलीही होती तर. सत्य सांगून माणूस एवढा अडकलेला मी पाहिला नाही. एखादी बरीशी थाप मारली असती तर जेवणाआधी सुटला असता.

वहिनी मात्र खऱ्या तपासनीस. शर्ट बाद करायच्या आधी त्या एकदा उलटा करून बघतात. म्हणाल्या, “आज रात्री मी येते बरोबर. गाडी दिसली तर बघू. नाही दिसली तर उद्या सकाळची माझी गाडी आहे, तिला वेळापत्रक आहे.”

साडेअकराला दोघं निघाली. मेव्हणा भरलेल्या बॅगेशेजारी राखणीला बसला. रुळांवरच्या पुलावर स्टँड लावून कवळीवाला उभा राहिला आणि वहिनी कठड्याला टेकून. बारा वाजले, साडेबारा, एक. रुळांवरून एक मांजर गेलं, तेही फोटोत आलं नसतं. वहिनींनी तीनदा विचारलं की आता येईल का, आणि तीनदा त्याने सांगितलं की माहीत नाही. बाहेरख्याली नवऱ्याने निदान काहीतरी वेळ सांगितली असती, असं त्यांना तेव्हा वाटलं. दीड वाजून गेल्यावर घरघर ऐकू आली, पण भलत्या बाजूने. गाडी गोदामाच्या बाजूच्या मार्गावर वळवली होती. कवळीवाल्याने स्टँड गुंडाळला आणि म्हणाला, मागे बस.

एरवी भाजी आणायला जाताना वीसच्या वर काटा न नेणारा हा माणूस त्या कच्च्या रस्त्यावर असा निघाला, की वहिनींनी लग्नानंतर पहिल्यांदा त्याची कंबर घट्ट धरली. पहिल्या फाटकाला गाडी पुढे निघून गेली होती. गोदामापाशी मात्र सिग्नल लाल होता आणि ती कुंपणापलीकडे उभी होती. काळी, लांबच लांब, मधूनच कुठेतरी फुसफुसणारी.

कवळीवाला कॅमेरा लावायला मागे राहिला. वहिनी मोबाइलचा दिवा लावून कुंपणाच्या अलीकडून चालत निघाल्या. आता गाडी खरी की खोटी हा प्रश्न उरला नव्हता, पण समोर एवढ्या ओळीने माल उभा आहे आणि तपासायचा नाही, हे त्यांच्या हाताला जमेना. त्या डबा डबा बघत आणि मोजत इंजिनापर्यंत गेल्या. एकाचं दार वाकलेलं, एकावरचा आकडा अर्धाच रंगवलेला. परत येत होत्या तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि लोखंडाचा तो आवाज एका डब्यातून दुसऱ्यात करत थेट शेवटापर्यंत धावत गेला. गाडी सुटली. शेवटचे डबे जवळ आले तसा कवळीवाल्याने कॅमेऱ्याचा डोळा उघडला, आणि नेमक्या त्याच वेळी वहिनी दिवा हलवत, हातवारे करत, बत्तिसाव्या डब्याची कडी चक्क तारेने बांधली आहे असं सांगत कॅमेऱ्यासमोरून चालत आल्या.

फोटो उमटला. काळोख, खांब, लाल सरळ रेघ. त्याखाली एक पांढरी रेघ, वेडीवाकडी, मध्येच गाठ पडलेली.

वहिनींनी विचारलं, “मी कुठंय?”

“तू हलत होतीस.”

“पण होते ना मी? केवढी बोलत होते.”

“होतीस. ही पांढरी तू.”

त्यांनी तो छोटा पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. स्वतः समोरून चालून गेलेली बाई फोटोत नाही, आणि तरी तिची रेघ आहे.  मग त्यांनी विचारायचं ते विचारलं.

“पण का हो?”

“मला नाही कळत.”

“बाई असती तर मला कळलं असतं. रडले असते, भांडले असते. याचं मी काय करू?”

 कवळीवाला स्टँड आवरत सहज म्हणाला, गाडी उभी होती तेव्हा मी डबे मोजले, सत्तावन्न होते. वहिनी थांबल्या. म्हणाल्या, साफ चूक, एकोणसाठ. मी डब्याला हात लावल्यासारखी मोजली आहे. त्यावर त्याचं म्हणणं, तू इंजिनं धरलीस. वहिनींचं म्हणणं, मला इंजिन कळत नाही का. हा वाद घरी पोचेपर्यंत चालला, पायऱ्यांवर चालला, आणि दार उघडणाऱ्या मेव्हण्याला तोंडावर ऐकू आला. त्याने विचारलं, काय निघालं? वहिनी म्हणाल्या, “एकोणसाठ.” आणि बॅग उघडून आपला स्वेटर बाहेर काढला, कारण पुलावर वारं फार होतं आणि बुधवारी परत मोजायला जायचं होतं. मेव्हणा सकाळच्या गाडीने एकटाच गेला. तो अजून मला फोन करून विचारतो, की नक्की प्रकार काय आहे.

यानंतर दीड महिन्याने दूधवाल्याने ती बाई पाहिली. गल्लीत कोणीतरी वहिनींच्या कानावर घालायला हवं होतं, आणि मी वयाने मोठा. मी गेलो, जपून शब्द वापरले, पडद्यांचा विषय टाळला. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, दिसते कशी? मी म्हणालो, दूधवाला सांगतो की मागे बसून अखंड बोलत असते. त्या म्हणाल्या, “अखंड? मग लक्ष ठेवा काका, असल्या बायका वाईट.” आणि आत जाऊन इतक्या मोठ्याने हसल्या की भिंतीतून सगळं ऐकू आलं.

रुळांपलीकडे खोल्या नाहीत, सिमेंटचं गोदाम आहे. मागे बसलेली बाई त्याची बायको होती.