कोपऱ्यावरचा अर्धा आटा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली ‘पाव आटा’ म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्याला मेकॅनिक लोक आटा म्हणतात आणि आमच्या भावोजींचं सगळं आयुष्य त्या आट्याच्या पाव हिश्श्यात मावलेलं आहे. कुठलीही मोटरसायकल समोर आणा, ते मान तिरकी करतात, डोळे मिटतात, जरा वेळ ऐकतात आणि म्हणतात, "अजून पाव आटा." बाकी जगात काय कमी-जास्त झालंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

एके काळी ते पाण्याचे मीटर वाचायला दारोदार फिरायचे. बरी नोकरी होती. एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की दुसऱ्याच्या पाण्याचे आकडे उतरवण्यात जन्म घालवायचा नाही, आपल्या हातात कला आहे. ताईला विचारलं नाही, सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या दोन खोल्यांत कार्ब्युरेटर राहतात आणि ताई तिथे पाहुणी आल्यासारखी अंग चोरून वावरते.

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल कालवून पाजणारी मुठीएवढी वस्तू. भावोजी ती खोलतात, तिचा भाग न् भाग सुटा करतात आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात उकळतात. कशात? ताईच्या दुधाच्या पातेल्यात. आतले पितळी जेट, म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक असलेले तुकडे, चहाच्या गाळणीत वाळत पडलेले असतात. मी वरच्या खोलीत राहते, त्यामुळे दिवसाचा एक चहा खालीच होतो. एकदा म्हटलं, "भावोजी, चहाला पेट्रोलचा वास येतोय." तर म्हणाले, "वासच येतोय ना? चव नाही ना बदलली?" जेट साफ झाला की नाही हे पाहायला ते गाल फुगवून त्यात फुंकर मारतात, मग एक डोळा मिटून तो खिडकीच्या उजेडात धरतात. जेटमध्ये तार घालणारा माणूस त्यांच्या लेखी मेला. भोक मोठं होतं म्हणे. एवढ्या कारणावरून त्यांनी सख्ख्या चुलतभावाशी बोलणं टाकलंय.

पण त्यांची खरी श्रद्धा आहे आयडलिंगवर. गाडी उभी असताना, कोणी ॲक्सिलरेटर पिळत नसताना इंजिन आपलं आपलं धडधडत राहतं, ते आयडलिंग. शहाणी माणसं ते जरा वरच ठेवतात, म्हणजे सिग्नलला गाडी बंद पडत नाही. भावोजींच्या मते हे अडाण्याचं लक्षण. इंजिन इतकं हळू चाललं पाहिजे की दोन ठोक्यांच्या मध्ये ऐकणाऱ्याला वाटावं, गेलं. आणि मग पुढचा ठोका यावा. दर रविवारी त्यांच्यासारखेच चार रिकामटेकडे आपापल्या गाड्या घेऊन दारात जमतात, सीटवर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवतात आणि पाणी न सांडता कोणाचं इंजिन जास्त हळू चालतं हे बघत उभे राहतात. बोलत नाहीत. कोणी शिंकलं तर त्याच्याकडे असं बघतात की त्यानं पुन्हा शिंकू नये. घरात आजारी माणूस असला तर त्याच्या उशाशी यांतला एकही इतका वेळ उभा राहायचा नाही. जिंकतात नेहमी भावोजीच.

कान मात्र तयार आहे माणसाचा, हे मान्य करायला हवं. टीव्ही चालू असो, नळ सोडलेला असो, मी त्यांच्याशी भांडत असो, गल्लीच्या तोंडाशी आलेली गाडी कोणाची आणि तिचा प्लग काळा पडलाय की नाही हे ते बसल्या जागेवरून सांगतात. या एवढ्या कानाला घरची बायको काय म्हणते ते तेवढं ऐकू येत नाही.

घर चालतं ते ताईच्या पगारावर. ताई बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला बसते. दिव्यासमोरून काचेच्या बाटल्या सरकत जातात आणि तडा गेलेली तिनं उचलून बाजूला टाकायची. कारखाना गावाबाहेर आहे आणि पहिल्या पाळीच्या वेळेला बस नसते, म्हणून ती भावोजींची जुनी मोटरसायकल घेऊन जाते. भावोजी स्वतः फारसे कुठे जात नाहीत. त्यांना गाडी उभी असलेलीच जास्त आवडते. रोज सकाळी ते ती सुरू करून दारात ठेवतात, ताई बसते आणि जाते. यावर त्यांची सगळी फुशारकी उभी आहे. "हळू तर कोणीही लावेल हो," ते रविवारच्या मंडळींना सांगतात, "पण आमची ही रोज हीच गाडी घेऊन सगळे सिग्नल पार करून कारखान्यात जाते. आजवर एकदा बंद पडलेली नाही. याला म्हणतात ट्यूनिंग." मंडळी माना डोलावतात. ताई आतून पाण्याचे ग्लास भरून आणून देते.

मीही हे खरंच मानत होते. मग एकदा ताईला ताप आला, आणि मला माझ्या चष्म्याच्या दुकानात लवकर जायचं होतं म्हणून मी ती गाडी नेली. पहिल्या सिग्नलला बंद. किक मारून सुरू केली, तर पुलाच्या चढावर पुन्हा बंद. मागच्या ट्रकवाल्यानं माझ्या सगळ्या पिढ्यांची नावं घेतली. संध्याकाळी येताना शेवटी शेवटी मी ती ढकलतच आणली. भावोजी दारात उभेच होते.

"हात जड आहे तुझा," ते म्हणाले. "ॲक्सिलरेटर आहे तो, फरशीचं फडकं नव्हे पिळायला. ताईला बघ, कधी एक तक्रार नाही."

मी तणतणत आत ताईच्या खाटेशी गेले. तिनं आधी दाराकडे बघून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "अगं, कोपऱ्यावर थांबून अर्धा आटा आत घ्यायचा ना."

"म्हणजे?"

"पाण्याच्या टाकीमागे थांबायचं. कार्ब्युरेटरच्या बाजूला तो स्क्रू आहे बघ, नाण्यानं फिरतो. अर्धा आटा आत घेतला की दिवसभर बंद पडत नाही. येताना तिथेच थांबून परत बाहेर काढायचा. ह्यांना काही कळत नाही."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिनं एक जाड, चलनातून कधीच गेलेलं नाणं काढून दाखवलं. कारखान्याला लागल्यापासून ती रोज हे करत होती. मला हसावं की रडावं कळेना.

"सांगत का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? की तुमची कला टाकीच्या भिंतीपर्यंतच टिकते?"

"हो. हेच सांग."

"नोकरी सोडल्यापासून चार लोकांत सांगण्यासारखं त्यांच्याकडे एवढं एकच आहे," ताई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मला तिची कीव आली. रागही आला. नवऱ्याच्या पोकळ बढाईला रोज आपल्या हातानं टेकू द्यायचा आणि त्याला संसार म्हणायचं, हे असलं मला जमलं नसतं. कदाचित म्हणूनच मी वर एकटी राहते.

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण एका रविवारी चामड्याचं जाकीट घातलेला एक जण दारात आला. मोटरसायकलवाल्यांच्या कुठल्याशा क्लबाचा तो म्होरक्या. ग्लासाची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती. पुढच्या आठवड्यात क्लबाच्या सगळ्या जुन्या गाड्या मोठा घाट उतरून जाणार होत्या, आणि त्याला प्रत्येक गाडीचं आयडलिंग असंच लावून हवं होतं. भावोजींची छाती इतकी फुगली की मला शर्टाच्या बटणांची काळजी वाटली.

"काका, माझा विश्वास आहे हो," जाकीटवाला म्हणाला, "पण पोरं शंकेखोर आहेत. उद्या काकू कामाला जातील तेव्हा मी मागून येतो. कारखान्यापर्यंत एकदा डोळ्यांनी बघतो, मग गाड्या पाठवतो."

भावोजींनी हातातला स्क्रूड्रायव्हर पुसला. चांगला निरखून पुसला. मग म्हणाले, "या की."

संध्याकाळी ताई वर माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. "घाटात उतारावर वळण घेताना क्लच दाबला आणि इंजिन मेलं तर? कोणाची तरी पोरं आहेत गं ती. दरीत जातील."

"मग काय करणार?"

"उद्या कोपऱ्यावर थांबायचं नाही. पडू दे बंद त्याच्यासमोर. म्हणजे तो गाड्या पाठवायचा नाही."

"भावोजींची अब्रू जाईल."

"जाईल," ताई म्हणाली. बराच वेळ ती ते नाणं बोटांत फिरवत बसली होती.

मला मात्र, खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांचा फुगा फुटणार आणि तोही भर चौकात. मी म्हटलं, मीपण येते मागे बसून.

सकाळी जाकीटवाला वेळेवर हजर. त्याची गाडी दारात अशी धडधडत होती की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. भावोजींनी नेहमीसारखी आमची गाडी सुरू करून ठेवली होती. "सावकाश जा," ते ताईला म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. टाकीची भिंत आली तसा ताईचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. मग तिनं तो उचलला आणि गाडी पुढे काढली.

पहिलाच सिग्नल लाल होता. ताई थांबली. जाकीटवाला शेजारी येऊन उभा राहिला, स्वतःचं इंजिन बंद केलं आणि वाकून ऐकायला लागला. मी मनात म्हटलं, आता गेलं. पण गेलं नाही. इंजिन चालू होतं. फार हळू नाही, फार जोरात नाही. दूधवाल्याची, पेपरवाल्याची, कोणाचीही गाडी चालते तसं.

"तू फिरवलास?" मी ताईच्या कानात विचारलं.

"मी कुठे थांबले?" ती म्हणाली आणि हिरवा होताच निघाली.

पुलाच्या चढावरही गाडी बंद पडली नाही. कारखान्याच्या फाटकाशी जाकीटवाल्यानं हेल्मेट काढलं, तेव्हा त्याचं तोंड आंबट झालेलं होतं. "काकू, ही तर साधीच चालतेय. काल तर हिचा ठोका वेगळाच होता. एवढं तर माझा मेकॅनिकही लावून देतो."

"साधीच आहे," ताई म्हणाली.

तो गेला तो गेलाच. क्लबाच्या गाड्या काही आल्या नाहीत.

संध्याकाळी मी आले तेव्हा गाडी दारात उभी होती. दिवसभर मी चष्म्यांच्या काड्यांचे स्क्रू पिळते, त्यामुळे मला स्क्रूची खाच कळते. गुडघ्यावर बसून नीट पाहिलं. विकत मिळणाऱ्या स्क्रूची खाच अरुंद असते, स्क्रूड्रायव्हरच्या पात्यापुरती. ही खाच कानशीनं घासून रुंद केलेली होती. जाड नाणं अलगद बसेल एवढी, तळाला नाण्याच्या कडेसारखी गोलसर, आणि बोटाला लागू नये म्हणून काठही घासून गुळगुळीत केलेले. काम आजकालचं नव्हतं, आत धूळ आणि तेल बसून ती काळी पडली होती. ज्याला गल्लीच्या तोंडाशी आलेली परकी गाडी ओळखू येते, त्याला स्वतःची गाडी रोज टाकीमागे थांबते आणि वेगळ्या आवाजात पुढे जाते हे ऐकू येत नसेल, असं मी मानून चालले होते.

आत भावोजी गाल फुगवून जेट फुंकत होते.

"भावोजी, तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "आज तुम्हीच वाढवून ठेवली होतीत."

त्यांनी जेट उजेडात धरला. "थंडीत जरा वर ठेवावी लागते."

"थंडी आहेच कुठे?"

"पहाटे असते. तू उठतेस कधी?"

बस्स, एवढंच. आणि पुढच्या रविवारी पुन्हा मंडळी जमली, पुन्हा सीटवर ग्लास, पुन्हा ते इंजिन शेवटची घटका मोजल्यासारखं, आणि हा गृहस्थ हात मागे बांधून सांगतोय, "आमची ही रोज हीच गाडी घेऊन..." लाज म्हणून काही असते. गाडी कशी लावायला हवी हे कळतं, बायकोच्या बोटांसाठी खाच घासत बसायला वेळ मिळतो, पण चार टाळक्यांसमोर "माझं जरा चुकतंय" म्हणायला जीभ रेटत नाही. असल्या माणसाचं काय करावं?

सोमवारी मी ताईच्या मागे बसले. टाकीपाशी तिनं गाडी थांबवली आणि पर्समधून नाणं काढलं. माझं डोकंच फिरलं.

"ताई, ती खाच कधी नीट बघितलीस का? त्यांना सगळं ठाऊक आहे."

"बघितली की. मी कारखान्याला लागले त्याच महिन्यात ती रुंद झाली. त्याआधी मी भाजीची सुरी घेऊन यायचे."

"तू तर म्हणालीस त्यांना कळत नाही."

"तुला काय सगळं सांगायचं?" ताई हसली. "अगं, बाटलीतला केसाएवढा तडा मला दिसतो. ही एवढी खाच दिसायची नाही?"

"मग हे रोज थांबायचं सोंग कशाला?"

ताईनं नाणं खाचेत बसवलं आणि अर्धा आटा आत घेतला. इंजिनाचा आवाज वर चढला.

"ते दारात उभे असतात," ती म्हणाली. "इथे थांबून निघालेलं ऐकलं की मगच आत जातात."

दोघांच्याही डोक्याचे आटे ढिले आहेत, हे माझं मत आजही कायम आहे. पण मीही रोज त्याच कोपऱ्यावरून जाते. मी थांबले काय, न थांबले काय, मागे दारात कान लावून कोणी उभं नसतं.