तड्यावरची काच

ती भिंत मी अजून विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर विसरावी असं वाटतही नाही. तेव्हा मी शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका बाजारगावात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच नाही. बरेच जण अजून हयात आहेत.

बाजारात एक जुनी दुमजली इमारत होती. खाली दुकानांचे गाळे, वर पूर्वीची भाताची वखार. मालक कल्याणला राहायचे. इमारत पाडायची नाही, दुरुस्त करून उभी ठेवायची असं त्यांनी ठरवलं. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता. तो जुनाच आहे की अजून वाढतोय, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून ठाणे शहरातून आलेल्या इंजिनिअरने मिस्त्रीकडून तड्यावर काचेच्या आडव्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बसवून घेतल्या. भिंत हलली की काच फुटते, इतकी साधी गोष्ट. दोन महिने काचा शाबूत राहिल्या तर दुकानं चालू ठेवून वरचं काम करायचं. फुटल्या तर सगळे गाळे रिकामे करून, भिंतीला टेकू देऊन मगच हात लावायचा.

दोन महिन्यांनी इंजिनिअर आला, काचा अखंड पाहिल्या आणि कामाला परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी कौलं उतरवताना भिंत वरून कोसळली. एक मजूर जागीच गेला. डोळखांबकडच्या पाड्यावरचा, पस्तिशीतला माणूस. मिस्त्रीच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. पंच म्हणून नेहमीचा माणूस बोलावला, त्याच इमारतीतला फोटो फ्रेम करणारा दुकानदार. पन्नाशीचा, सरळ, बोलावलं की लगेच येणारा. कोर्टात जबाब फिरवत नाही असे पंच आम्हाला हवेच असतात. भिंतीचा खालचा भाग आणि पुढचे गाळे उभे होते. तिथे प्लास्टरमध्ये अडकलेला एका पट्टीचा तुकडा मिळाला, तो मुद्देमाल म्हणून सील केला. फ्रेमवाल्याने सही केली. सही करून तो ढिगाऱ्याकडे न बघताच निघून गेला, पण मेलेला माणूस पाहिल्यावर कुणीही तसंच करतं.

इंजिनिअरने जबाबात सांगितलं की मिस्त्रीने काचा सैल बसवल्या असतील, म्हणून भिंत हलूनही त्या फुटल्या नाहीत. मला ते पटलं. शिकलेल्या माणसाचं आम्हाला पटकन पटतं, हा आमच्या खात्याचा जुना रोग, आणि मला तो चांगलाच जडलेला होता. अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी मी जीप पाड्यावर नेली आणि सगळ्यांच्या देखत मिस्त्रीला उचलला. त्याची बहीण ओटीवर बसली होती. तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

अटक दाखवली नाही. रोज सकाळी बोलवायचं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं, असं चार दिवस चाललं. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. तो एकच सांगत राहिला, काचा मी नीट लावल्या. तिसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने मला हळूच सांगितलं, हा घरी जात नाही, एसटी स्टँडवर झोपतो. पाड्यावर सगळे म्हणत होते की यानेच मेहुण्याला मारला, म्हणून पोलिसांनी नेला. मी ऐकलं आणि पुढचा कागद ओढला. आज त्याची लाज वाटते.

खबर आली ती बाजार झाडणाऱ्या बाईकडून. तिचा तळहात कापलेला होता. आमच्या महिला शिपायाने सहज विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्या भिंतीखाली काच झाडताना कापला. शिपाई हुशार, तिला थेट माझ्यासमोर आणून उभी केली. मी विचारलं, भिंत पडल्यावर?

"नाय साहेब, आधी. दोनदा झाडली मी काच तिथं. आन् वर बघितलं तं काच व्हती तशीच."

मी खुर्चीत नीट बसलो. काच खाली पडते आणि वर अखंड असते, याचा अर्थ कुणीतरी फुटलेली काढून नवी बसवत होतं. म्हणजे मिस्त्रीने लावलेल्या काचांनी आपलं काम चोख केलं होतं.

पंचांसमोर सील उघडलं आणि तुकडा मिस्त्रीच्या हातात दिला. या वेळी फ्रेमवाला मिळाला नाही, दुकान सोडता येत नाही असा निरोप आला, म्हणून दुसरे पंच घेतले. मिस्त्रीने तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

"साहेब, ही काच माझी नाय. मी खिडकीची काच तोडून लावलेली, तिची कड बोट कापायची. ही कुणीतरी घासलीय."

मला काचेतलं काही कळत नव्हतं. म्हणून कळणाऱ्या माणसाला, फ्रेमवाल्याला विचारायला गेलो. खरंच सांगतो, त्याला संशयित समजून गेलोच नव्हतो. माझ्या पंचावर मी संशय घेईन कसा? दुकानात शिरलो तर फ्रेमवाला काचेची कड दगडावर घासत होता. इतक्या वर्षांची सवय, काच कापली की हात आपोआप दगडाकडे जातो, गिऱ्हाइकाचं बोट कापू नये म्हणून. समोर एक फोटो पडला होता, मतदान कार्डावरून मोठा केलेला, जरा पुसट. ढिगाऱ्याखाली गेलेल्या मजुराचा. दिवसकार्यासाठी त्याच्या भावाने फ्रेम करायला टाकला होता.

मी खिशातून काचेचा तुकडा काढलाही नव्हता. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि खाली बसला.

"चार दिस झाले साहेब, याची काच बसवता येत नाय मला. कापतो, घासतो, बाजूला ठेवतो."

मग सगळं बाहेर आलं. गाळा एकदा रिकामा केला की परत मिळेल याची त्याला खात्री नव्हती. वडिलांपासूनचं दुकान, दुसरं काही येत नाही. पट्ट्या त्याच्या मागच्या दाराशेजारी, छातीच्या उंचीवर. पहिली फुटली तेव्हा वाटलं, कुणाचा धक्का लागला असेल. दुसरी फुटली तेव्हा कळलं होतं. तरी बदलली. भिंत इतकी वर्षं उभी आहे, अजून वर्षभर राहील, असं स्वतःला समजावलं. माणूस मरावा असं त्याच्या मनात कधीच नव्हतं, आणि माणूस मेला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून दुकानातली काच, प्लास्टरची पिशवी जप्त केली, झाडणाऱ्या बाईचा जबाब घेतला. हलगर्जीपणाने मृत्यूचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. भिंत ठोकून न तपासता नुसत्या काचेवर भरवसा ठेवणाऱ्या इंजिनिअरलाही मी दोषारोपपत्रात घेतलं. पुढे कोर्टात जे व्हायचं ते झालं.

मिस्त्रीला म्हणालो, जा घरी, सुटलास. तो बाकावरून उठलाच नाही. कुठं जाऊ, एवढंच म्हणाला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणसाला उचलताना आम्ही जीप घेऊन जातो, अख्खा पाडा पाहतो. सोडताना मात्र तो एकटा एसटीने जातो, तेव्हा पाहायला कुणी नसतं. मी ड्रायव्हरला हाक मारली, मिस्त्रीला पुढे माझ्याशेजारी बसवलं आणि युनिफॉर्ममध्ये पाड्यावर गेलो. माणसं जमली. मी मोठ्याने सांगितलं की याने काम चोख केलं होतं, याचा काडीचाही दोष नाही.

बहीण ओटीवरून उठून माझ्यासमोर आली.

"मंग नेयच्या आधी त्याला नीट इच्चारलं का नाय?"

माझ्याकडे कलम होतं, इंजिनिअरचा जबाब होता, सांगायला पुष्कळ होतं. पण मी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

नोकरीत पुष्कळांकडून हे वाक्य वदवून घेतलं होतं. स्वतः ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो. तिने भावाचा हात धरला आणि त्याला घरात घेऊन गेली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, माझ्या ठाण्यातून निर्दोष सुटलेला एकही माणूस मी एसटीने घरी जाऊ दिला नाही.