दात दाखवायचा फोन

शेजारच्या मेकॅनिकचं कुटुंब पुसद सोडून हैदराबादला गेलं. त्यांची मुलगी माझ्या सहा वर्षांच्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण. लेकीचा पहिला दात पडला, तेव्हा तो मैत्रिणीला दाखवायला म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन हिसकावला.

"त्या मुसलमानाच्या पोरीसंगं हिले कायले बोलाले लावून राह्यली?"

माझं डोकं सणकलं. "आई, फोन द्या मले. तुमचा विटाळ तुमच्यापाशी ठेवा."

फोन ओढून घेऊन मी त्यांच्यासमोरच पुन्हा लावला. लेकीनं तोंडातली फट दाखवली. पलीकडून मैत्रिणीनंही आपली दाखवली. दोघी खिदळत राहिल्या. सासूबाई ताडकन उठून गेल्या. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही, आणि दर रविवारी फोन बैठकीतच लावते.