बाजेवर रोखलेला कॅमेरा

भूतखेत, करणी, भानामती... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, घरचा राऊटरही मीच सांभाळते. तरी हे लिहितेय, कारण माझं डोकं पार पिकलंय.

आमचं घर लातूरला, क्लासेसच्या भागात. वरच्या मजल्यावर क्लासच्या मुली राहतात. पालकांच्या आग्रहाखातर सगळीकडे कॅमेरे लावले आणि नेटची वाट लागली. त्यातही वात आणला तो अंगणातल्या कॅमेऱ्यानं. समोर कुणी हललं तरच त्यानं व्हिडिओ पाठवायचा. हा बाबा दुपारभर पाठवतच होता... ‘पर्सन डिटेक्टेड’, ‘पर्सन डिटेक्टेड’. उघडून बघावं तर रिकामी बाज.

अंगणात बाजा दोन. एक सासूबाईंची. भूकंपापासून त्या स्लॅबखाली झोपत नाहीत, अंगणात पत्र्याखाली झोपतात. शेजारी दुसरी बाज रोज घालतात, ती वन्संची — माझ्या नणंदेची. कॅमेऱ्यात रिकामी दिसायची ती हीच. वन्सं भूकंपात गेल्या. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

वर राहणाऱ्या रुखसारची, मुखेडच्या पोरीची, स्कॉलरशिपची टेस्ट ऑनलाइन होती. मिळाली नाही तर अब्बा तिला परत नेणार होते. आणि सराव करायला बसली की नेट बंद! सगळा अपलोड तो कॅमेरा खात होता. मी त्याला लिमिट लावलं, कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं केलं, शेवटी ब्लॉक केलं. काही फरक नाही. कॅमेरेवाला म्हणे, “मॅडम, सावली असंल.”

“मग ती सावली मला दाखव की,” मी म्हटलं. तो गेला निघून.

टेस्टच्या दुपारी मी कॅमेऱ्याचा प्लगच उपटला. तरी राऊटरमध्ये त्याचा डेटा धावतोय! जिन्यातून रुखसार रडवेली होऊन म्हणाली, “आंटी, पेज खुलतच नाही.”

सासूबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तिलाच सांग की. लई शानी हाय, ऐकंल.”

इतकी वैतागले होते की खरंच गेले. रणरणत्या उन्हात रिकाम्या बाजेसमोर उभी राहून म्हटलं, “वन्सं, जरा फाटकाबाहेर बसता का? पोरीचा पेपर आहे.”

डेटा शून्य. पेज उघडलं.

रुखसारला स्कॉलरशिप मिळाली, ती इथंच आहे. कॅमेरा मी परत लावला, ब्लॉक काढला, लिमिटही काढलं. आता दूधवाला दिसतो, मांजर दिसतं. बाजेवरून मात्र काही येत नाही. सासूबाई रोज दुपारी विचारतात, “आली का गं?” आणि मला मोबाईल बघून नाही म्हणावं लागतं. फाटकात उभी राहून मी किती हाका मारल्या.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर कारण नंतर सांगा... आधी त्यांना आत कसं बोलवायचं, तेवढं सांगा.