पहिल्या नंबरांची यादी

माझ्या फोनमध्ये एक यादी आहे. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये कोणत्या मोसमात सगळ्यांत जास्त पॉइंट्स कोणी केले, त्याची. अगदी सुरुवातीच्या वर्षांपासूनची. इथे टेक्सासमध्ये, अर्विंगला, सिग्नलशी गाडी थांबली की मी ती उघडते. ऑफिसात सॉफ्टवेअरची एखादी टेस्ट अडकून पडली की उघडते. डोळे वर्षांवरून खाली घसरतात आणि पुन्हा वर जातात. मी स्वतः आयुष्यात एकदाही बास्केटमध्ये बॉल टाकलेला नाही. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी होतीच, आता ती अंगठ्यालाही लागली.

यादी तशी मजेची आहे. आधीच्या काळात बहुतेक धिप्पाड, बास्केटखाली ठाण मांडणारे गडी. पुढे लांबून टाकलेल्या बॉलला तीन पॉइंट्स मिळू लागले, तशी हळूहळू चपळ आणि त्या मानानं बुटकी माणसंही वर आली. पूर्वी मोसमातल्या एकूण पॉइंट्सवरून पहिला ठरायचा, नंतर सामन्यामागच्या सरासरीवरून ठरू लागला. काही नावं वर्षानुवर्षं ओळीनं येतात, काही एकदाच येऊन जातात. त्या एकदाच आलेल्यांपाशी मी जास्त रेंगाळते. पुढच्या वर्षी त्या माणसाला घरच्यांनी काय विचारलं असेल, हा किडा माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण नागपूरला माझ्या शाळेच्या व्हरांड्यात अशीच यादी होती. काळ्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगात, दहावीला शाळेतून पहिलं आलेल्याचं नाव, दर वर्षी एक. दुसऱ्याचं नाव लिहायची सोयच नव्हती. मी दुसरी आले, दोन मार्कांनी. बाबा सरकारी कारखान्यात फिटर होते. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेले ते पहिले, आणि शिक्षण ही आमच्या घरात आवडीनिवडीची गोष्ट नव्हतीच. निकालाच्या दिवशी ते माझ्याबरोबर शाळेत आले, त्या फळ्यापुढे दोन मिनिटं उभे राहिले आणि सायकल काढून ड्युटीवर गेले. रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी पुढे तीस वर्षं लावत राहिले.

आठवड्यानं त्यांच्या कारखान्यातल्या एका काकांनी मला इंग्रजी-मराठी शब्दकोश भेट दिला. आतल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘शाळेतून प्रथम क्रमांक मिळवल्याबद्दल.’ काकांचा काहीतरी घोळ झाला असेल, असं मी धरून चालले. पण ‘काका, मी दुसरी आले’ असं म्हणायला तोंड उघडलं नाही. तो शब्दकोश माझ्याबरोबर टेक्सासपर्यंत आला आहे. ते पान मी कोणाला दाखवत नाही.

तर आता माझी लेक. ती दहावीतच आहे, इथल्या दहावीत, ज्या दहावीला कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी ती शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये गेली. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. ते आता एकटेच असतात. दिवसभर विहाराच्या अभ्यासिकेत बसतात आणि वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावतात. त्यांचा प्रश्न ठरलेला, “पोट्टीचा कितवा नंबर?” इथे वर्गात नंबर काढत नाहीत, हे मी त्यांना दहा वर्षं समजावते आहे. ते ऐकून घेतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारतात.

नोव्हेंबरमध्ये एका सामन्यात लेकीनं टीममध्ये सगळ्यांत जास्त, चौदा पॉइंट्स केले. त्या रविवारी बाबांनी विचारलं आणि मी म्हणाले, “पहिला, बाबा. पॉइंट्समध्ये पहिली आहे.” बाबांचा चेहरा स्क्रीनवर इतका मोठा झाला की नुसता चष्मा आणि दातच दिसू लागले. पुढच्या सामन्यात तिनं चार केले. त्याच्या पुढच्यात दोन. रविवारी बाबांनी विचारलं, “अजून पहिलीच?” मी म्हणाले, “हो.” एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणायला जीभ अडखळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

खोटं खरं करायचा एक मार्ग होता, आणि मी तो धरला. लेकीनं खरोखर पहिलं यावं. मी प्रत्येक सामन्याला वही घेऊन जाऊ लागले. पहिल्या बाकावर बसून कोणी किती केले ते लिहायचं, आणि तिच्या हातात बॉल आला की “टाक, तूच टाक” म्हणून मराठीत ओरडायचं. आजूबाजूच्यांना वाटे, ही बाई काहीतरी प्रोत्साहन देते आहे. लेकीला अर्थ कळायचा. ती बॉल हातात घेऊन क्षणभर माझ्याकडे बघायची आणि दुसऱ्याच मुलीकडे फेकायची. ही दुसरी मुलगी म्हणजे तिची जिवलग मैत्रीण, लांब हातांची, शांत. टीममधली खरी टॉप स्कोअरर. माझ्या वहीत तिचा आकडा दर आठवड्याला पुढे जाई आणि मला ती पोरगी उगाचच खुपू लागली. आमच्याकडे येऊन पोहे मागून खाणारी पोरगी. मला तेव्हाही स्वतःची लाज वाटत होती, पण वही काही बंद झाली नाही.

एकदा कोच मुद्दाम माझ्याजवळ आल्या. तुमच्या मुलीला अख्खं कोर्ट दिसतं, म्हणाल्या, तिच्यामुळे बाकीच्यांचे पॉइंट्स होतात. मी मान डोलावली. नागपूरला शाळेत एखाद्या मुलाला मार्क नसले की बाई आईवडिलांना सांगायच्या, वागायला मात्र फार चांगला आहे हो. मी ते त्याच कानानं ऐकलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी ऑफिसात असताना फॅमिली ग्रुपवर फोटो आला. आमच्या वस्तीतला चौक, विजेचा खांब, आणि खांबाला बांधलेला दहा फुटी फ्लेक्स. त्यावर जर्सीतली माझी लेक. ‘अमेरिकेत बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक पॉइंट्स मिळवून प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांचे चौकोनी फोटो, त्यांत पहिले बाबा, जुन्या कोटात. मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, पुन्हा उठले. ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस सुरू झाला होता. त्या ग्रुपमध्ये लेकही आहे, हे आठवायला मला तब्बल दहा मिनिटं लागली.

प्रॅक्टिसनंतर ती गाडीत बसली तेव्हा फोन हातातच होता. मला वाटलं आदळआपट करेल. तिनं फोटो मोठा केला आणि स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं. खांद्यावर एक हात होता. नुसता हात, ज्या मुलीचा होता ती कापली गेली होती. तो फोटो मीच बाबांना पाठवला होता, दोघींचा.

“हा तिचा हात आहे, आई,” ती म्हणाली. “शी इज द टॉप स्कोअरर. यू नो दॅट. यू राइट इट डाउन.”

मी म्हणाले, आजोबांचा काहीतरी गैरसमज झाला असेल. शब्दकोश देणाऱ्या काकांवर ढकललं तसंच आता बाबांवर. तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला. मग शांतपणे म्हणाली, “शुक्रवारी मॅचला येऊ नको. प्लीज. कधीच नको.”

एवढंच. घरापर्यंत पुढे एक शब्द नाही. गप्प बसण्याची मला लहानपणापासून भीती वाटते आणि तो वारसा नेमका तिच्याकडे गेला आहे.

शुक्रवारी मी गेले नाही, म्हणजे आत गेले नाही. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून बसले. पाच मिनिटांत बाहेर पडले, इंडियन ग्रोसरीत जाऊन नको असलेली कोथिंबीर घेतली, परत आले, गाडी दुसऱ्या जागी लावली. जिममधून आरोळी आली की मी काच खाली करायचे, पण ती कोणासाठी ते कळायचं नाही. हातांना काम हवं म्हणून यादी उघडली. त्या दिवशी पहिल्यांदा नावांच्या शेजारचा संघही वाचला आणि विजेत्यांच्या यादीशी ताडून पाहिला. ज्या वर्षी जो पॉइंट्समध्ये पहिला, त्या वर्षी त्याचा संघ विजेता, असं फार थोड्या वेळा झालेलं. आणि त्याच पानावर, वरच्या बाजूला, दुसरी यादी होती. ज्यांच्या पासवर दुसऱ्याची बास्केट झाली, त्यांच्यात कोणत्या वर्षी कोण पहिला, त्याची. वर्षभर ती माझ्या अंगठ्याखाली होती आणि मी एकदाही उघडली नव्हती. मग लक्षात आलं, लेकीच्या पासची माझ्या वहीत एक रेघसुद्धा नव्हती. चौदा सामने मी तिथे बसले आणि माझी मुलगी काय खेळते ते पाहिलंच नाही. मला गाडीत रडू आलं, आणि कोथिंबिरीच्या वासात रडताना स्वतःचा रागही आला.

रविवारी कॉल आला तेव्हा मी लेकीला शेजारी बसायला सांगितलं. ती सोफ्याच्या टोकाला बसली, स्क्रीनवर दिसणार नाही अशी. बाबा खुशीत होते. फ्लेक्स पाहून कोण कोण थांबलं ते सांगत होते. मी त्यांना मध्येच तोडलं. म्हणाले, “बाबा, ती पहिली नाही. एकाच सामन्यात होती. बाकी सगळं मी खोटं सांगितलं.”

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मी निकालाच्या रात्रीच्या त्या ताटावर परत जाऊन बसले होते, पंधरा-सोळा वर्षांची.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“नोव्हेंबरपासून.”

“म्हणजे तीनच महिने,” बाबा म्हणाले. “तुझ्या वेळी मी कारखान्यात पेढे वाटले होते, बेटा. पोरगी पहिली आली म्हणून. रिटायर होईपर्यंत तसंच सांगत होतो.”

मी एवढंच विचारलं, “त्या फळ्यापुढे उभे होतात, तेव्हा?”

“तेव्हा हाच विचार करत होतो. कारखान्यातलं कोण येते इथं वाचाले.”

मला हसू यायला हवं होतं. आधी आला तो राग. तीस वर्षं मी ते दोन मार्क पोटाशी धरून बसले होते. या माणसाला दुःख झालं म्हणून मी इंजिनिअरिंगला पहिली, नोकरीत पहिली, घर घेण्यात पहिली होत धावले. आणि हा गृहस्थ मात्र त्याच संध्याकाळी निकाल आपल्या मनासारखा करून मोकळा झाला होता. रात्रीचं ते गप्प बसणं म्हणजे नुसतं चोराच्या मनातलं चांदणं. मग त्यांचे हात दिसले. उपरण्याच्या टोकाची घडी घालत, पुन्हा उलगडत बसलेले. मी शब्दकोश उठून आणला आणि ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबांनी ते वाचलं आणि तोंडावर उपरणं घेतलं. ते हसत होते की रडत होते, सांगता येत नाही.

सोफ्याच्या टोकावरून लेक सरकत स्क्रीनमध्ये आली. “आजोबा, तो बॅनर काढा ना. माझी फ्रेंड कट झाली आहे त्यात.”

“काढतो,” बाबा म्हणाले. “सकाळीच काढतो.”

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. फ्लेक्स विहाराच्या सायकल स्टँडवर ताडपत्रीसारखा ताणून बांधला होता, छापील बाजू खाली. खाली बाबा कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी कोणाला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. लेकीनं त्या फोटोला अंगठा दिला.

गुरुवारी ती फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाली, “उद्या येऊ शकतेस. नोटबुक नको.”

मी वही नेली नाही. मागच्या बाकावर बसले आणि तोंड मिटून ठेवलं, जे मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. आणि पहिल्यांदाच मी बॉल सोडून तिच्याकडे बघत राहिले. ती बॉल येण्याआधीच मान वळवून कोण कुठे आहे ते बघून घेते. मग बॉल येतो आणि लगेच जातो, जणू हाताला चटका बसला. मैत्रिणीचे लांब हात तो उचलतात आणि बास्केट होते. टाळ्या तिला. तेवढ्यात माझी लेक पळत मागेसुद्धा गेलेली असते. टाळ्यांसाठी तिला एकदाही बाकांकडे बघायची गरज पडली नाही.

सामना आमच्या मुली हरल्या, दोन पॉइंट्सनी. गाडीत तिनं बूट काढले, पाय डॅशबोर्डवर टाकले. मी हायवेला लागले. पलीकडच्या लेनमध्ये सगळे शेजारच्या प्लेनो गावाच्या दिशेनं चालले होते, दिव्यांची रांग. मी गप्प राहण्याची पराकाष्ठा करत होते.

“यू काउंटेड, राइट?” तिनं विचारलं. “माझे पास.”

मी स्टीअरिंगकडे बघितलं. जॅकेटच्या खिशात बोटांच्या पेरांवर मोजले होते, सामनाभर. आता या वयात माझ्यानं हे सुटायचं नाही. पण तिच्याशी पुन्हा खोटं बोलवेना.

“हो,” मी म्हणाले. “बास्केट झाली असे नऊ.”

तिनं खिडकीकडे तोंड केलं. मग हळूच म्हणाली, “अकरा.”