टाचेवरचा डेमो प्लॉट

गुडघा दुखतो म्हटलं की लोक हळहळतात. तळपायाला चामखीळ आलीय म्हटलं की लोक चप्पल काढायला सांगतात, वाकून बघतात आणि मग आपल्या मावसभावाच्या पायाचा किस्सा सुरू करतात. अशाने माझ्याकडे वर्षभरात इतके पाय साचले की आता माणूस भेटला की आधी मी त्याच्या चालीकडे बघतो.

सावद्याला माझं कृषी केंद्र आहे. शेजारी भागवतभाऊंचं केळीचं पॅकिंग हाऊस. संध्याकाळी तिथे चहाला मी, भागवतभाऊ आणि विज्ञानाचे रिटायर झालेले पाटील सर. केळी धुवायच्या टाक्यांमुळे फरशी कायम ओली, म्हणून आम्ही चपला बाहेर काढून अनवाणी गप्पा मारायचो. या गप्पांतून आम्हाला मिळालेली एकमेव ठोस गोष्ट म्हणजे चामखीळ. तिघांनाही. मला तर दोन, दोन्ही टाचांना एकेक.

*

सुरुवातीला आम्ही त्याला कुरूप समजत होतो. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणल्या, चिकटवल्या, त्या मोज्यात सापडायला लागल्या. तेवढ्यात भागवतभाऊंना कुणीतरी व्हिडिओ पाठवला. केळ्याच्या सालीची आतली बाजू चामखिळीवर बांधायची, बास.

"भो, आपल्या घरचं औषध आन् आपण मेडिकल हिंडून राह्यलो!" भागवतभाऊ म्हणाले.

आता व्हिडिओत पिकलेलं केळं होतं. सावद्यात केळ्यांचे ट्रक भरत होते, पण सगळा माल हिरवागार. पिकलेलं केळं पाहिजे तर बाहेरगावी जावं, असं आमचं गाव. सर म्हणाले, कच्च्यात तर जोर जास्त असणार. मग तिघांनी कच्च्या केळ्याच्या साली टाचेवर ठेवल्या आणि वरून खोकी बंद करायची टेप गुंडाळली. मी जाड साल घेतली. दुकानदार माणूस, डोस वाढवून घ्यायची सवय.

*

कच्च्या केळीचा चीक अंगावर पडला की काळा पडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आम्हाला तिघांना तेवढं आठवलं नाही.

जळगावच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंसमोर मी पाय वर केला तेव्हा टाच डांबरासारखी काळी होती. बाई खुर्चीतून उठल्याच. शुगर आहे का, पाय बधिर आहे का, कधीपासून काळा पडलाय, एकामागून एक प्रश्न. त्यांनी स्पिरिटने घासून बघितलं. रंग जागचा हलला नाही.

भागवतभाऊंनी मागून खुलासा केला, "मॅडम, केळीचा चीक आहे. तो जात नाही. आम्ही तर शर्ट फेकून देतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "पाय फेकता येत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. हे कुरूप नव्हे, चामखीळ. बाजूने चिमटलं की जास्त दुखतं, आत काळे ठिपके दिसतात, आणि ओल्या फरशीवरून एकाची दुसऱ्याला होते. उपाय तीन. रोज कोमट पाण्यात पाय बुडवून, घासून ॲसिडचं औषध लावायचं, त्याला धीर पाहिजे. नाहीतर गार करून जाळायची. नाहीतर काहीच करायचं नाही, पुष्कळदा आपोआप जाते, फक्त कधी ते सांगता येत नाही.

पाटील सरांचे डोळे चमकले. ते म्हणाले, मग आपण प्लॉट पाडू. भागवतभाऊंना गारठवायचं, सरांना औषध, आणि माझ्या उजव्या पायाला औषध, डाव्याला काही नाही. तुलना झाली पाहिजे. आयुष्यभर शेतकऱ्यांच्या बांधावर डेमो प्लॉटच्या पाट्या लावणारा मी, शेवटी स्वतःच प्लॉट झालो.

*

भागवतभाऊ गारठवायला एकदम तयार. म्हणाले, मी कोल्ड स्टोरेजमध्ये वावरणारा माणूस, मला थंडीचं काय? फक्त सोबत म्हणून माझा हात धरला.

बाईंनी फवारा मारला आणि शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. ओरडलो मी होतो. भागवतभाऊंनी माझी बोटं अशी आवळली होती की चार दिवस मला दुकानाचं शटर उघडता येईना.

*

सरांनी औषध अगदी नियमाने लावलं. फक्त पाय घासायला घरातली वजरी घेतली आणि ती धुऊन परत जागेवर ठेवली. महिन्याभराने वहिनीही लंगडायला लागल्या.

आम्ही विचारपूस करायला गेलो तर वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "लग्नानंतर यांनी मला दिलेली ही पहिली टिकाऊ वस्तू."

*

माझं दुकान तर चालूच होतं. मी काउंटरमागे एका पायावर उभा. एक गिऱ्हाईक फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेऊन म्हणालं, "भाऊ, एवढी औषधं तुमच्याकडे, एखादं मारा नं पायावर."

मी म्हणालो, छे, पायाला कसलं, फार कडक असतात ती, भरवसा नाही.

त्याने बाटली हळूच काउंटरवर ठेवली आणि समोरच्या दुकानात गेला.

*

हे सगळं मी हसत सोसलं असतं, पण श्रावण जवळ येत होता. आमचं मूळ घर दोंडाईचाकडे. तिथे भाऊबंदांत कानबाई देवी बसते, आणि विसर्जनाला तिचा चौरंग डोक्यावर घेऊन अनवाणी नदीपर्यंत जायचा मान पाळीने येतो. त्या वर्षी पाळी आमच्या घराची होती. माझे वडील, आबा, गेल्यानंतरची पहिली.

आबांचं त्या मिरवणुकीतलं पाऊल गावात नावाजलेलं. एक टाच न टेकवता असे झुलायचे की डोक्यावरची कानबाई हसल्यासारखी वाटायची. लहानपणी आरशासमोर मी ते पाऊल किती वेळा करून बघितलं, कधी जमलं नाही. निदान चौरंग तरी सरळ न्यावा, एवढीच माझी इच्छा होती. ती फार मनापासून होती.

मोठ्या अक्काने फोनवर बजावलं, "आबानी पाळी शे. तू नई उना ते चौरंग कोन ली?"

मी घाबरलो आणि घाई केली. दिवसातून एकदा लावायचं औषध येता-जाता लावलं. जास्त डोसने पीक जळतं, हे मी रोज दहा जणांना सांगतो. उजवी टाच सोलून निघाली आणि चामखीळ मधोमध जशीच्या तशी. डाव्या टाचेकडे कुणी बघतच नव्हतं. बघितलं तर ती साफ झाली होती. सर म्हणाले, रिझल्ट फार सुंदर आहे. मला सर त्या क्षणी अजिबात आवडले नाहीत.

*

विसर्जनाच्या दिवशी चौरंग डोक्यावर घेतला आणि पहिल्याच पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. उजवी टाच टेकवणं शक्यच नव्हतं. मी चवड्यावर तोल घ्यायचो, झोल जायचा, सावरायचो, पुन्हा झोल. चौरंग पडतो की काय, या धास्तीने पाठ घामाने भिजली. मागे वळून बघायची सोय नव्हती. थोड्या वेळाने वाजंत्रीवाल्याने ठेका बदलला, माझ्या लंगडण्याला धरून. मागच्या बायकांची पैंजणंही त्याच ठेक्यावर वाजायला लागली. नदीवर चौरंग उतरवला तेव्हा अक्का पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, माझे हाल बघून.

यंदाच्या श्रावणात माझे दोन्ही पाय ठणठणीत होते. पाळी दुसऱ्या घराची, मी नुसता पुढे नाचायला. वाजंत्रीवाल्याने मला ओळखलं आणि तोच ठेका धरला. मी दोन्ही टाचा टेकवून मोकळेपणाने नाचलो.

अक्का गर्दीतून वाट काढत जवळ आली. माझ्या पायांकडे काळजीने बघत म्हणाली, "तुना पायले काय व्हयनं रे भाऊ? मांगला साल ते बराबर आबाना सारखा नाचना व्हता."